भाषाविज्ञानाचा अभ्यास: कान तयार होण्याची दोन वर्षे

विद्यापीठात भाषाविज्ञान शिकणे म्हणजे पाचसात भाषा बोलायला शिकणे, किंवा मग शुद्धलेखनाचे नियम आणि व्याकरणाची कोष्टके अधिक काटेकोरपणे घोकणे, असा समज महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांतही सर्रास आढळतो. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टींशी त्या अभ्यासक्रमाचा संबंध अगदी बेताचा असतो. माणसाच्या भाषेची रचना, तिचे उच्चार, तिच्यात काळानुसार आणि स्थळानुसार होणारे बदल आणि तिचा समाजातील वावर यांचा पद्धतशीर शोध घेणारी ही ज्ञानशाखा आहे, आणि तिचा पहिला दंडक असा की बोलणाऱ्याचे बोलणे हा पुरावा असतो. अभ्यासकाने त्याचा न्यायनिवाडा करायचा नसतो, तर तो जसाच्या तसा नोंदवून त्यामागचा नियम हुडकायचा असतो. हा दंडक सांगायला सोपा आहे, पण 'पानी' लिहिले की वहीवर लाल रेघ उमटते हे पहिलीपासून पाहत आलेल्या विद्यार्थ्याच्या तो अंगवळणी पडायला पदव्युत्तर अभ्यासक्रमाची दोन वर्षेही कधी कधी अपुरी पडतात.

हा अभ्यास महाराष्ट्रात कसा रुजला हे पाहायचे तर पुण्यातील डेक्कन कॉलेजकडे वळावे लागते. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था पुढे येरवड्याच्या प्रशस्त दगडी इमारतीत गेली, टिळक-आगरकरांसारखे विद्यार्थी आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखे प्राध्यापक तिने पाहिले, १९३४ मध्ये सरकारने ती बंद केली आणि १९३९ मध्ये पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून ती पुन्हा उघडली, तेव्हा पुरातत्त्व आणि इतिहासाच्या जोडीने भाषाविज्ञानालाही तिथे स्वतंत्र स्थान मिळाले. भांडारकरांनी १८७७ मध्ये मुंबई विद्यापीठात विल्सन व्याख्यानमालेतून संस्कृत, प्राकृत आणि त्यांपासून निघालेल्या देशी भाषांचा इतिहास आधुनिक पद्धतीने मांडला होता; सुमित्र मंगेश कत्रे यांच्या काळात त्या परंपरेला वर्णनात्मक भाषाविज्ञानाची, म्हणजे आज बोलल्या जाणाऱ्या भाषेचे जसे आहे तसे वर्णन करणाऱ्या शाखेची जोड मिळाली. १९५० च्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने डेक्कन कॉलेजने भाषाविज्ञानाची हंगामी शिबिरे भरवली, अमेरिकी अभ्यासक तिथे शिकवायला आले, येथील तरुण तिकडे गेले, आणि पुढच्या दोन पिढ्यांतील भारतीय भाषावैज्ञानिकांपैकी कित्येकांची जडणघडण या शिबिरांत झाली. याच संस्थेत १९४८ पासून ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचे काम चालू असून, सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तिथल्या कपाटांत लावलेल्या आहेत. तीसहून अधिक भाग प्रसिद्ध होऊनही कोश अजून 'अ' या अक्षराच्याच परिसरात आहे, यावरून एका भाषेचा शब्दसंग्रह प्रामाणिकपणे नोंदवणे किती पिढ्यांचे काम असते ते कळते.

एम.ए.ला प्रवेश घेण्यासाठी सहसा कोणत्याही शाखेची पदवी चालते, त्यामुळे वर्गात संस्कृतचे, इंग्रजीचे, मराठीचे आणि अलीकडे संगणकशास्त्राचेही पदवीधर शेजारी शेजारी बसतात, आणि पहिल्या सत्रात या सर्वांची पाटी सारखीच कोरी असते. सुरुवात होते ती स्वनविज्ञानाने. स्वन म्हणजे तोंडावाटे निघणारा भाषेचा ध्वनी. तो जिभेचा कोणता भाग टाळूच्या कोणत्या भागाला टेकल्याने उत्पन्न होतो, स्वरतंतू त्या वेळी कंप पावतात की नाही, हवा नाकातून सुटते की तोंडातून, हे स्वतःच्या तोंडात चाचपून पाहायला विद्यार्थी शिकतो. संस्कृतच्या प्राचीन शिक्षा-ग्रंथांनी कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही जी मांडणी केली आणि जी वर्णमालेच्या रूपाने मराठी मुलाच्या जिभेवर बालवाडीपासून असते, ती हीच. त्यानंतर येते आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी: १८८६ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या संघटनेने विकसित केलेली, एका ध्वनीला एकच चिन्ह आणि एका चिन्हाला एकच ध्वनी या तत्त्वावर चालणारी लेखनपद्धती. शिक्षक कोणत्याही भाषेत नसलेले, निरर्थक शब्द उच्चारतात आणि वर्गाने ते ऐकून या लिपीत उतरवायचे असतात. गाण्याच्या शिकवणीत कान तयार होतो म्हणतात, त्याच अर्थाने इथेही कान तयार व्हावा लागतो, कारण मातृभाषेच्या सवयीमुळे माणसाला समोरचा ध्वनी ऐकू येत नसतो, त्याला ऐकू येते ते आपल्या भाषेतील त्याच्या जवळचे अक्षर.

मराठीतील 'च' हे याचे उत्तम उदाहरण आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे. देवनागरी एकच 'च' लिहिते, पण मराठी माणूस दोन उच्चारतो: 'चंद्र' आणि 'चिमणी' यांतील तालव्य 'च', ज्यात जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो, आणि 'चूल' व 'चोर' यांतील दंतमूलीय 'च', ज्यात जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकते. विद्यार्थ्यासमोर प्रश्न असा ठेवला जातो की हे मराठीतले दोन वेगळे ध्वनिघटक आहेत, की एकाच घटकाची परिस्थितीनुसार दिसणारी दोन रूपे? 'त्याचा' म्हणताना जीभ दातांकडे असते, 'त्याची' म्हटले की ती टाळूकडे सरकते, 'त्याच्या' म्हणतानाही तिथेच राहते आणि 'त्याचं' म्हणताना पुन्हा दातांकडे येते. म्हणजे इ, ए आणि य यांच्या आधी तालव्य उच्चार आणि इतरत्र दंतमूलीय, असा नियम हाती लागल्यासारखा वाटतो, आणि तसे असेल तर घटक एकच ठरतो, कारण कोणता उच्चार कुठे येणार हे आधीच सांगता येते. पण मग कोणीतरी 'चार' हा शब्द पुढे करतो. संख्यावाचक 'चार' तालव्य आहे आणि 'गुरांना चार' या आज्ञेतला 'चार' दंतमूलीय. पुढचा स्वर दोन्हीकडे 'आ'च, तरी उच्चार बदलला की अर्थ बदलतो. 'जग' या शब्दाचेही तसेच. 'जग जगायला शिकवते' या वाक्यातील पहिला 'ज' आणि दुसरा 'ज' कोणताही मराठी माणूस न चुकता वेगळे उच्चारतो, मात्र आपण ते वेगळे उच्चारतो हे त्याला कोणी दाखवून देईपर्यंत ठाऊक नसते. ज्या ध्वनिभेदाने अर्थभेद होतो त्या ध्वनींना स्वनिम म्हणतात आणि असा भेद सिद्ध करणाऱ्या शब्दांच्या जोडीला न्यूनतम युग्म. 'काल' आणि 'काळ', 'मन' आणि 'मण' ही अशी सरळ युग्मे, तर 'चार' आणि 'चार' हे लिपीने झाकून ठेवलेले.

इथे प्रश्न संपत नाही, उलट आता खरा सुरू होतो, कारण संख्यावाचक शब्दाने नियम का मोडावा याचे उत्तर इतिहासात आहे. जुन्या मोडी कागदपत्रांत हा अंक अक्षरांनी 'च्यार' असा लिहिलेला आढळतो. म्हणजे एके काळी इथे 'य' होता, त्याने 'च'ला टाळूकडे ओढून धरले होते, पुढे 'य' लोपला आणि त्याने घडवलेला उच्चार मात्र मागे राहिला. त्यात 'चंद्र', 'चरण' असे संस्कृतातून थेट उचललेले तालव्य उच्चाराचे शब्द मिसळले, आणि जो भेद परिस्थितीने आपोआप ठरत होता तो अर्थ वेगळा करू लागला. एका अक्षरापासून निघालेला विद्यार्थी अशा रीतीने उच्चार, स्वनिम, लिपी आणि इतिहास या चारही दालनांतून फिरून येतो. प्रयोगशाळेत हाच शब्द ध्वनिमुद्रित करून 'प्राट' या संगणक प्रणालीत उघडला, म्हणजे ॲमस्टरडॅम विद्यापीठातील दोन संशोधकांनी तयार करून सर्वांना विनामूल्य दिलेल्या साधनात पाहिला, तर दंतमूलीय 'च'च्या घर्षणाची काळी छटा वरच्या कंप्रतांकडे आणि तालव्य 'च'ची त्याहून खाली पसरलेली डोळ्यांना दिसते. मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे यंत्र बनवणाऱ्याचीही या 'जग' शब्दाशी गाठ पडतेच, कारण अक्षरांवरून यंत्राला काहीच बोध होत नाही.

स्वनिमांवरून अभ्यास रूपिमांकडे जातो. रूपिम म्हणजे भाषेतील अर्थ असलेला लहानात लहान घटक. 'घरांना' या शब्दात 'घर', अनेकवचन दाखवणारा 'आं' आणि 'ना' असे तीन रूपिम आहेत. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द आपले रूप बदलतो, 'माणूस'चा 'माणसा' आणि 'विहीर'चा 'विहिरी' होतो, याला शाळेत सामान्यरूप म्हणून शिकवतात आणि मुलेही त्याची कोष्टके पाठ करतात. भाषाविज्ञानाचा विद्यार्थी त्याच गोष्टीकडे पाहतो, पण तो पाहतो आज जिवंतपणे चाललेल्या घडामोडीकडे: 'टेबलावर' सर्वांच्या तोंडी आहे, 'पेनाने' आणि 'पेनने' दोन्ही ऐकू येतात, 'ऑफिसात' म्हणणारे घटले आणि 'ऑफिसमध्ये' म्हणणारे वाढले, तर 'मोबाइलावर' असे जवळपास कोणीच म्हणत नाही. यावरून मराठी बिघडत चालली असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि वर्तमानपत्रांतील पत्रांत तो वारंवार काढलाही जातो. परंतु मराठीच्या खास स्वतःच्या नामांकडे पाहिले की चित्र गुंतागुंतीचे होते, कारण तोच मनुष्य 'कोल्हापूरला गेलो' आणि 'कोल्हापुरात राहतो' असे एका दमात म्हणतो, 'साताऱ्याला' म्हणतो पण 'नाशिकला' म्हणतो, 'रामाला' म्हणतो पण 'राहुलला' म्हणतो. नवा शब्द मूळ रूपात ओळखता यावा ही गरज आणि प्रत्ययापूर्वी रूप बदलण्याची भाषेची जुनी सवय यांची ही ओढाताण आहे, ती विशेषनामांत फार पूर्वीपासून चालू आहे, आणि उसने शब्द आता त्याच वाटेने जात आहेत. विद्यार्थ्याने बसथांब्यावर, दुकानात, घरी जेवताना ऐकलेली अशी रूपे वहीत टिपून, बोलणाऱ्याचे वय आणि गाव नोंदवून, त्यांतून सूत्र काढले तर तो सत्राच्या प्रकल्पाचा चांगला विषय होतो.

वाक्यविचाराच्या तासाला पुराव्याचा आणखी एक प्रकार समोर येतो, तो म्हणजे बोलणाऱ्याची भाषिक जाण. नोम चॉम्स्की यांच्या १९५७ च्या छोट्या पुस्तकानंतर हा विचार दृढ झाला की भाषा येणे म्हणजे ऐकलेली वाक्ये साठवणे नव्हे. मोजक्या नियमांच्या बळावर कधी न ऐकलेली अगणित वाक्ये बनवता येणे आणि बनू न शकणारे वाक्य ताबडतोब ओळखता येणे, यालाच भाषा येणे म्हणतात. त्यामुळे अभ्यासक मुद्दाम मोडकी वाक्ये बनवतात, त्यांच्यापुढे तारका काढतात आणि ती का मोडली याचा शोध घेतात. 'तू पोळी खाल्लीस' हे वाक्य घ्यावे. भूतकाळातील सकर्मक क्रियापद मराठीत कर्माप्रमाणे चालते, म्हणून 'पोळी'ला 'खाल्ली', 'आंबा'ला 'खाल्ला' आणि 'आंबे'ला 'खाल्ले'. परंतु इथे शेवटी जो 'स' आला तो पोळीचा नाही, तो 'तू'चा आहे. एकाच क्रियापदाने कर्माचे लिंग-वचन आणि कर्त्याचा पुरुष असे दोघांचेही मान राखले आहेत. हिंदीत 'तूने रोटी खाई' म्हणताना क्रियापद केवळ 'रोटी'चे ऐकते. मराठी व्याकरणकारांनी या रचनेला कर्तृ-कर्मसंकर असे नेमके नाव फार पूर्वी दिले होते, आणि जगातील भाषांची तुलना करणाऱ्या अभ्यासकांना मराठीची ही रचना आजही महत्त्वाची वाटते, कारण क्रियापदाने कोणाशी आणि किती जणांशी जुळवून घ्यावे याविषयीचे सिद्धांत अशाच वाक्यांवर पारखले जातात. त्यातच 'त्याने' या रूपाला 'ने' आहे पण 'मी' आणि 'तू' यांना नाही, हा भेद प्रमाण मराठीत आहे, तर वऱ्हाडीत 'मीनं' असे रूप ऐकू येते. त्यामुळे प्रमाण भाषेपुरता लिहिलेला नियम मराठीचा नियम ठरत नाही, हेही त्याच तासाला कळून येते.

ऐतिहासिक भाषाविज्ञान हा बहुतेक विद्यार्थ्यांचा आवडता भाग असतो, आणि तसा तो असणे स्वाभाविक आहे. संस्कृत 'हस्त' प्राकृतात 'हत्थ' झाला आणि मराठीत 'हात'. 'सप्त'चा 'सत्त' आणि मग 'सात', 'कर्ण'चा 'कण्ण' आणि मग 'कान', 'अग्नि'चा 'अग्गि' आणि मग 'आग'. दोन भिन्न व्यंजने आधी एकसारखी झाली, मग जोडव्यंजनातील एक गळाले आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ झाला. हा बदल एका शब्दात घडलेला नाही, शेकडो शब्दांत त्याच क्रमाने घडलेला आहे. पंजाबीत आजही 'सत्त', 'हत्थ', 'कन्न' म्हणतात, म्हणजे मराठी-हिंदीने उचललेले शेवटचे पाऊल पंजाबीने उचललेच नाही. ध्वनी नियमाने बदलतात या जाणिवेवर गेली दोन शतके तुलनात्मक भाषाविज्ञान उभे आहे, आणि मराठीसाठी ते काम फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात केले, ज्याचा वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेला मराठी अनुवाद १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. परकीय माणसाने लिहिलेला मराठीचा इतिहास शंभर वर्षांनंतरही अभ्यासक्रमात अपरिहार्य असावा, यात त्याचे श्रेय आहेच. मात्र त्या तोडीचा नवा ग्रंथ अद्याप उभा राहू नये, ही खंत मराठी विद्यापीठांनी मनावर घ्यायला हवी.

तथापि या विद्येचा कस लागतो तो वर्गाबाहेर, क्षेत्रकार्यात. क्षेत्रकार्य म्हणजे भाषा जिथे बोलली जाते तिथे जाऊन, बोलणाऱ्यांच्या संमतीने त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करणे, ते ध्वनिलिपीत उतरवणे आणि त्याचे विश्लेषण करणे. अमृत माधव घाटगे यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली, कासरगोडची मराठी अशा बोलींची वर्णने एकामागून एक प्रसिद्ध केली. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले असून, निरनिराळ्या वयोगटांतील, शिक्षणाच्या पातळ्यांवरील स्त्री-पुरुषांचे बोलणे गावोगाव ध्वनिमुद्रित करून कोणता शब्द वा कोणते रूप कुठवर पसरले आहे याचे नकाशे आवाजासह सर्वांसाठी खुले केले आहेत. या कामात प्रश्न विचारण्याची पद्धतच वेगळी असते. 'तुम्ही ण म्हणता की न?' असे विचारले की माणूस सावध होतो आणि शाळेत शिकवलेले उत्तर देतो. म्हणून त्याला एखादी छोटी चित्रफीत दाखवून तीत काय घडले ते सांगायला लावतात, किंवा नात्यांची आणि घरातल्या वस्तूंची नावे विचारतात, आणि मग नैसर्गिक बोलणे आपोआप हाती येते. विदर्भात 'काळा'चा 'काया' आणि 'जवळ'चा 'जवय' होतो, कोल्हापूरकडे स्त्रियाही 'मी येतो' म्हणतात, आगरी-कोळी बोलींत 'ळ'च्या जागी 'ल' येतो. सुशिक्षितांच्या लेखी हे सारे गावंढळपण असते, परंतु नोंदी पुरेशा जमल्या की त्यातील प्रत्येक गोष्ट प्रमाण मराठीतील कोणत्याही नियमाइतकीच काटेकोर असल्याचे सिद्ध होते, आणि ज्या विद्यार्थ्याने आपल्या आजीची बोली महाविद्यालयात येताना उंबऱ्याबाहेर ठेवलेली असते त्याला तीच बोली प्रबंधाचा विषय म्हणून परत घरात घेता येते. या एका कारणासाठीदेखील हा विषय अधिक विद्यापीठांत, विशेषतः जिल्ह्याच्या ठिकाणी शिकवला जायला हवा.

महाराष्ट्राच्या मातीतील एक क्षेत्रकार्य तर जगभरच्या पाठ्यपुस्तकांत पोहोचले आहे. सांगलीजवळचे कुपवाड, जे आज सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचा भाग आहे, ते १९६० च्या दशकात काही हजार वस्तीचे गाव होते आणि तिथे कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा चार भाषा घरोघर चालत होत्या. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात असे दाखवले की शतकानुशतकांच्या शेजारामुळे या गावातील कन्नड, मराठी आणि उर्दू यांची वाक्यरचना इतकी एकसारखी झाली होती की एका भाषेतील वाक्याच्या प्रत्येक तुकड्याच्या जागी दुसऱ्या भाषेतील तुकडा ठेवला की वाक्य तयार होई. शब्द मात्र ज्याचे त्याने राखले होते. उर्दूत नदीसारखी निर्जीव नामेही एरवी स्त्रीलिंगी असतात, पण कुपवाडच्या उर्दूने कन्नडप्रमाणे स्त्रीलिंग केवळ मानवी स्त्रीपुरते ठेवले होते. घरात आपली भाषा जपणे हे जातीची आणि धर्माची ओळख जपणे होते, तर गावात व्यवहार सुरळीत चालणे ही रोजची गरज होती, आणि या दोन गरजांचा मेळ लोकांनी कोणाच्याही सल्ल्याविना असा घातला. मरे एमेन्यू यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषाक्षेत्र आहे, म्हणजे वेगवेगळ्या कुळांतील भाषा सहवासाने एकमेकींसारख्या झालेला प्रदेश आहे, हा जो विचार मांडला, त्याचे गावपातळीवरील दर्शन कुपवाडने घडवले. मराठीला स्वतःच्या व्याकरणातही त्याची साक्ष मिळते: 'आम्ही' म्हटले तर ऐकणारा वगळला जातो आणि 'आपण' म्हटले तर तो सामावला जातो, हा भेद तमिळ-तेलुगूत आहे, मराठीत आहे, आणि प्रमाण हिंदीत नाही.

भाषा आणि बोली यांतील सीमा कोणती, हा प्रश्न अशा अभ्यासात टाळता येत नाही, आणि कोकणी-मराठी वादाने तो महाराष्ट्रात व गोव्यात फार कडवटपणे विचारला गेला. कत्रे स्वतः कोकणीभाषक होते आणि कोकणीच्या घडणीवरील त्यांचा ग्रंथ १९४२ मध्ये आला. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र साहित्यिक भाषा मानले, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली. दोन बोलण्यांत किती शब्द, किती रूपे, किती नियम समान आहेत हे भाषाविज्ञान मोजून सांगू शकते, मात्र त्यांना दोन भाषा म्हणावे की एका भाषेच्या दोन बोली, याचा निर्णय बोलणाऱ्यांच्या समूहाची इच्छा, त्यांचे साहित्य आणि त्यांचे राजकारण यांनी होतो. ही मर्यादा ओळखून बोलणे हाही या विषयाच्या शिक्षणाचा भाग आहे.

या शिक्षणातील एक उणीव मात्र स्पष्टपणे नोंदवायला हवी. भाषाविज्ञानाचे अध्यापन महाराष्ट्रातही मुख्यतः इंग्रजीत होते, तर मराठी विभागांत तो विषय बहुधा एका प्रश्नपत्रिकेपुरता, व्याख्या पाठ करण्यापुरता उरतो. परिणामी मराठीत विचार करणारा विद्यार्थी परिभाषेलाच घाबरतो आणि इंग्रजीत शिकलेल्याला आपले निष्कर्ष मराठी वाचकापुढे मांडता येत नाहीत. हे अटळ नव्हते. नारायण गोविंद कालेलकर यांनी ध्वनिविचारापासून भाषेच्या इतिहास-भूगोलापर्यंत सर्व काही नितळ मराठीत लिहिले आणि त्यासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवला. कॉर्नेल विद्यापीठात १९५८ साली मराठीच्या ध्वनी व रूपविचारावर प्रबंध लिहिलेले अशोक रामचंद्र केळकर अखेरपर्यंत मराठीत लिहीत राहिले, नव्या संज्ञा घडवत राहिले, आणि 'रुजुवात' या त्यांच्या ग्रंथाला २०१० चा अकादमी पुरस्कार लाभला. त्यांनी दिलेली परिभाषा वापरात ठेवणे हे अध्यापकांच्या हाती आहे.

पदवीनंतर काय, या प्रश्नाला आज पूर्वीपेक्षा अधिक उत्तरे आहेत. अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला कोशकार्य, भाषांतर, दुसरी भाषा म्हणून मराठी शिकवण्याची साधने, वाचादोषांच्या उपचारांत लागणारे ध्वनिज्ञान आणि भाषा-तंत्रज्ञान ही क्षेत्रे खुली झाली आहेत. बोलण्याचे लेखनात रूपांतर करणाऱ्या प्रणालीला सोलापूरची आणि चंद्रपूरची मराठी सारखीच कळायची तर तिला दिलेल्या ध्वनिमुद्रणांवर कोणीतरी जाणकाराने काम करावे लागते. पण मनुष्यबळाची सर्वांत निकड आहे ती दुसरीकडे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही आठ कोटी तीस लाख लोकांची मातृभाषा आहे, आणि महाराष्ट्रातच मेळघाटात कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, यवतमाळ-वर्धा-गडचिरोलीकडे कोलामी, गोंडी आणि माडिया या द्रविड कुळातील भाषा, नंदुरबार-पालघरकडे भिली आणि वारली, असा वेगवेगळ्या कुळांचा शेजार आहे. एमेन्यू यांचे १९५५ चे कोलामी व्याकरण वर्ध्याच्या परिसरातील बोलण्यावर आधारलेले आहे आणि आजही तेच चाळावे लागते. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद परिसरात आणि लगतच्या मध्य प्रदेशात बोलली जाणारी निहाली तर जगातील कोणत्याही भाषाकुळात बसत नाही. तिचे भाषक अवघे दोन-अडीच हजार आहेत, कोरकू आणि मराठीच्या दाटीत तिचे शब्द झपाट्याने मागे पडत आहेत, आणि तिचे अंक, तिची नातेसंबंधांची नावे, तिची क्रियापदे जाणणारी वृद्ध माणसे अजून हयात आहेत तोवरच ध्वनिमुद्रण होऊ शकते. फ्रान्सिस्कुस कायपर यांनी १९६२ मध्ये या भाषेवर तुलनात्मक अभ्यास लिहिला, तो इतरांनी गोळा केलेल्या शब्दांच्या आधारे. अलीकडच्या वर्षांत येथील अभ्यासकांनी गावांत राहून तिच्या व्याकरणाचे काम सुरू केले आहे, आणि ते पुढे नेण्यासाठी ध्वनिलिपी येणारे, कान तयार असलेले, शक्य तर कोरकू किंवा निहाली घरातच ऐकत वाढलेले विद्यार्थी भाषाविज्ञानाच्या वर्गात येण्याची गरज आहे. त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि मराठीतून शिकण्याची सोय या तीन गोष्टी झाल्या, तर ते येऊ शकतील.